अभिनवच्या वाटणीचं गाऱ्हाणं

"फोन ठेव इथं." धाकूने देवासमोर पाट सरकवला. "ह्यातूनच येतात ना ते पावडरवाले?"

"पप्पा, ते नंबर मी कधीच उडवले. आता ह्याच्यात ॲप आहे. नशा सोडणारी पोरं रोज संध्याकाळी बोलतो आम्ही. तलप आली की बटण दाबायचं, कोणीतरी उचलतंच."

"घरची घाण परक्यांसमोर काढायची? मग हा देव कशाला बसलाय?"

भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात धाकूने आयुष्यभर स्टीलला पॉलिश मारलं. मालकाला त्याचं नावही धड ठाऊक नव्हतं. पण नवघरमधल्या रत्नागिरीकरांकडे गणपती बसो की पोरीचं लग्न ठरो, गाऱ्हाणं घालायला धाकूच लागे. देवाला असं खडसावून साकडं घालणारा दुसरा नव्हता. तो माणूस स्वतःच्या पोरासाठी मोबाइलवर कसला विसंबतोय?

अभिनव वाद घालून थकला. त्याने फोनचं लॉक काढून दिलं. "एकदा ऐका तरी, पप्पा."

धाकूने न ऐकताच फोन कपाटात टाकला, किल्ली बायकोकडे दिली आणि नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या पाठचा फेरा तोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रत्येक वाक्यामागे घरच्यांनी म्हणायचं ते अभिनव लहानपणापासून म्हणत आला होता, सगळ्यांत मोठ्याने. आजही तसंच म्हणाला. तोंडदेखलं नव्हतं ते. पोराला खरंच सुटायचं होतं.

काही दिवस तो नेमाने देवासमोर बसला. मग एका संध्याकाळी तलप आली. त्याने आईकडे फोन मागितला. "पप्पांना विचार," दुर्गा म्हणाली. पप्पा कारखान्यात होते. अभिनव चालत पेणकरपाड्याला जुन्या मित्राकडे गेला, तो परत आलाच नाही. मध्ये खंड पडला की शरीराला पूर्वीची मात्रा झेपत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तेरावं झाल्यावर दुर्गानेच कपाटातला फोन काढून चार्जिंगला लावला. नवऱ्याशी ती बोलत नव्हती. दिवेलागणीला फोन वाजला. धाकूने उचलला.

"अभिनव! कुठे गायब होतास यार? निशिगंधा बोलतेय. सगळे आहेत आज."

"मी त्याचा बाप. तो... गेला, पोरी."

"क्या बोल रहे हो अंकल?" एक मुलगा म्हणाला आणि रडायला लागला. फोन मात्र कोणीच ठेवेना.

"काका," निशिगंधा म्हणाली, "तो सांगायचा, माझे पप्पा देवाशी भांडतात. आमच्यासाठी भांडाल?"

धाकू उठला. त्याने टोपी घातली. घरात नारळ नव्हता, म्हणून फोनच दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा, माझा राखला नाहीस. ही परक्याची पोरं तरी राख रे म्हाराजा!"

सवयीने तो थांबला. घर गप्प होतं.

"काका, आता आम्ही काय म्हणायचं?"

"व्हय म्हाराजा म्हणायचं," धाकू म्हणाला. "मोठ्यानं. माझा पोरगा मोठ्यानं म्हणायचा."