वाढता वाढता मैत्रेयी बोलली

मित्रांनो, मी एक जुनं पितळी ओगराळं आहे. लांब दांडा आणि पुढे वाटीएवढं खोलगट तोंड. बादलीतला रस्सा उचलायचा आणि ताटात सोडायचा, एवढंच माझं शिक्षण!

नेरच्या एका कारागिराने ठोकून ठोकून मला घडवलं. आमच्या वस्तीने वर्गणी काढून मोठाली भांडी घेतली, त्यांत मीही आलं. किती लग्नं, किती पंगती! "थेंब सांडत नाही याचा," असं कोणी म्हटलं की मी फुगून बसायचं. मग बफे आला. माणसं ताट हातात धरून उभ्याने जेवू लागली आणि मी पोत्यात, कढईखाली, हिरवं पडत राहिलं.

पण यंदा फेब्रुवारीत पोतं उघडलं! मोनालीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, आणि तिच्या बाबांनी हट्टाने पंगत बसवली होती. चिंच लावून मला असं घासलं की माझ्या पोटात अख्खा मांडव दिसू लागला. आणि माझा दांडा धरला कोणी? मोनालीच्या धाकट्या बहिणीने, दहा वर्षांच्या मैत्रेयीने! बादली मामाकडे, मी तिच्याकडे. "आलू-वांगं घ्या, आलू-वांगं!" करत आमची स्वारी निघाली.

आता, दांडा धरणारी मूठ माझ्याशी खोटं बोलत नाही. ही मूठ दुखावलेली होती. सकाळीच पाहुण्यांनी लग्नाची तारीख काढली होती, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. चौदा तारखेला भीमजयंतीची मिरवणूक. तिच्यासाठी दोघी बहिणी अंगणात रोज लेझीम घोटत होत्या, मोनाली पुढे अन् मैत्रेयी मागे. आता पुढची जागाच रिकामी होणार होती.

"तुही ताई नेतो आम्ही. चालते ना वं?" नवरदेवाच्या सत्यशीला आत्याने जेवता जेवता विचारलं.

"चालते जी," मैत्रेयी हसली.

"किती गुणाची पोरगी!"

पुढच्या ताटावर वस्तीतले उकंडा आजोबा. "खुशी हाय ना बेटा?"

"हो जी." मूठ अशी आवळली की मी थरथरलं आणि रस्सा थेट आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर!

"राहू दे, राहू दे. धोतरालेबी भूक लागली असंन," आजोबा म्हणाले.

मग आलं नवरदेवाचं ताट. धम्मरत्नने ते चाटूनपुसून साफ केलं होतं.

"भाऊजी, वाढू?"

"नको, पोट भरलं."

"थोडंसं?"

"खरंच नको." पण डोळे बादलीतच.

मैत्रेयी जागची हलेना. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी खोटं बोलून राह्यले. मीबी सकाळपासून तेच करून राह्यली. मले नाही चालत. जयंतीच्या आधी ताई गेली तं मी लेझीम कोणाच्या मागं खेळू? मले तुमचा लय राग आला हाय." एक मोठा श्वास. "पण भूक असंन तं वाढतो. उपाशी नाही ठेवत."

"मैत्रेयी!" चुलीकडून आई ओरडली.

धम्मरत्नचे कान लाल झाले. त्याने ताट पुढे सरकवलं. "वाढ. चांगलं भरून वाढ, लाजून नको म्हणत होतो. आत्या, लग्न जयंतीनंतर करू ना."

"आता? तारीख साऱ्यांले सांगून झाली!" आत्या मैत्रेयीकडे वळली. "काहून वं, सकाळी काहून नाही बोलली?"

"सकाळी तुमी पाहुणे होते जी."

"अन् आता?"

"आता सोयरे हाय!"

अशी हसली पंगत की मांडव हलला! आत्याला ठसका लागला. पाणी पिऊन तिने मोनालीला बोलावलं. मोनालीचे डोळे ओले. तिनेही सकाळी "चालते"च म्हटलं होतं.

"दोघी बहिणी सारख्याच!" आत्या म्हणाली. "जा, जयंतीच्या पुढच्या रविवारी लगन. आता मलेबी वाढ, मीबी लाजूनच अर्धपोटी हावो."

मग काय विचारता! ताटामागून ताटं पुढे आली. बादली पुन्हा पुन्हा भरून आणता आणता मामा घामाघूम झाला आणि त्या धांदलीत माझ्या तोंडाला पोचा आला. आला तर आला.

मित्रांनो, जुनी भांडी जपा, हे तर मी सांगणारच. पण मनही जपा. वडीलधाऱ्यांशी अदबीने वागा, पाहुण्याला पोटभर वाढा. मात्र कोणी "चालते ना?" विचारलं आणि आत काही टोचत असेल, तर उगाच हसून मान हलवू नका. "नाही चालत जी," असं म्हणा. बघा म्हणून, त्यातही "जी" छान बसतो.