तिसरी चिठ्ठी

शब्दकोशाच्या कचेरीत दुपारी कुणी मोठ्याने बोलत नसे. खोक्यांत चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर शब्द आणि पडद्यातून झिरपणारं ऊन; सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं. इथेच काम करायची म्हणून शेजारीपाजारी तिला ‘कोशवाल्या बाई’ म्हणत. आज तिच्यापुढे ‘निष्ठावंत’ हा शब्द होता.

कचेरीचा नियम जुना आणि आडमुठा. अर्थ छापायचा तर तीन चिठ्ठ्या हव्यात. प्रत्येकीवर त्या अर्थाने शब्द वापरलेलं, कुणी लिहिलेलं किंवा आपणहून बोललेलं वाक्य. वदवून घेतलेलं बाद. ‘पडत्या काळातही पक्षाची साथ न सोडणारा’ या अर्थाला दोनच चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. ‘पुढाऱ्याची री ओढणारा’ याला मात्र चारशे. काल टोपी फिरवलेला आज स्वतःला निष्ठावंत म्हणवतो, मग चिठ्ठ्यांना काय तोटा?

“पाचला पान छपाईला जाईल,” प्रमुख म्हणाले. “तिसरी नसेल तर पहिला अर्थ गाळा.”

तो अर्थ म्हणजे तिचे बाबा होते. त्यांनी चाळीस वर्षं सभांच्या खुर्च्या मांडल्या, सतरंज्या उचलल्या. कधी पद मागितलं नाही. तो अर्थ गेला तर बाबा नुसतेच भोळे ठरतील, असं तिला वाटे. त्यात महिन्यापूर्वी त्यांचा पुढारी पलीकडच्या पक्षात गेला होता. बाबा खचतील म्हणून तिने टीव्ही बिघडल्याचं सांगितलं आणि रोजचा पेपर कपाटात कोंबायला सुरुवात केली.

अर्धी रजा टाकून ती घरी आली. बाबा खिडकीशी आरामखुर्चीत डुलक्या घेत होते. तिने हळूच विषय काढला. “बाबा, तुमच्या वेळचे कार्यकर्ते कसे होते हो?”

“कसे म्हणजे? सभा संपली की मैदान रिकामं व्हायचं,” ते डोळे मिटूनच म्हणाले. “मग खुर्च्या उचलताना वाटायचं, माणसं अजून बसलीत. मी त्यांना सांभाळून उचलायचो.”

ती हसली. पेन तयार होतं. पण ‘निष्ठावंत’ हा शब्द काही त्यांच्या तोंडी येईना. घड्याळात साडेचार झाले.

“तुमच्यासारख्यांना काय म्हणायचं मग?” न राहवून तिने विचारलं, आणि जीभ चावली. आता तो शब्द आला तरी बाद.

बाबांनी डोळे उघडले. “साहेब गेले ना पलीकडे?”

तिची नजर कपाटाकडे गेली.

“दूधवाल्याने त्याच दिवशी सांगितलं. तू काही बोलेनास, म्हणून मीही बोललो नाही. तुला वाईट वाटलं असतं.” ते खुर्चीत सरळ बसले. “चालायचंच. निष्ठावंताला बातमी सगळ्यांत शेवटी सांगतात. घरचेसुद्धा.”

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तितक्यात फोन वाजला. प्रमुख होते. “मिळाली का तिसरी?”

वाक्य तिच्या कानात होतं. शब्द बाबांनी स्वतःहून उच्चारला, असं सांगून ते खपलंही असतं.

“नाही,” ती म्हणाली. “गाळा.”

फोन ठेवून ती कपाटाकडे गेली आणि महिन्याभराचे पेपर उचलून आणले. बाबांनी तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

“पहिल्या दिवसापासून वाच,” ते म्हणाले. “मधलं गाळू नकोस.”