कादंबरीची उशी

सूनबाईंचा धंदा साहित्यावर चालायचा, पण साहित्यिकांना तो पाहवत नसे. राहत्या घराच्या मागच्या खोलीत शिलाईचं यंत्र, कापडावर छापायची गरम इस्त्रीसारखी एक अवजड मशीन आणि फोमचे तुकडे, एवढा तिचा संसार. तिथून ती वाचणाऱ्यांसाठी आणि त्याहून जास्त न वाचणाऱ्यांसाठी चमत्कारिक भेटवस्तू बनवायची. रहस्यकथेचा एक कप होता, त्यात गरम चहा ओतला की कपाच्या पोटावर खुन्याचं नाव उमटायचं. विरहकवितेचा हातरुमाल होता, त्यावर नाक शिंकरण्याची जागा चौकट आखून दाखवलेली होती.

सासरे मात्र खरेखुरे कादंबरीकार. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. ‘मौनाचे तळघर’ ही त्यांची एकुलती एक कादंबरी. तिला पुरस्कार मिळाले होते, तिच्यावर परिसंवाद झाले होते, आणि तिचं वजन इतकं होतं की एकदा पायावर पडली तेव्हा नानांचा अंगठा महिनाभर काळानिळा होता. सुनेच्या खोलीवरून जाताना ते नाक मुरडून म्हणत, “चालू द्या. सरस्वतीला झबली शिवताय, शिवा!”

एकदा सासूबाई सहज बोलून गेल्या, “मला झोप लागत नसली ना, की मी ह्यांचं पुस्तक उघडते. इतक्या वर्षांत दुसरं पान काही पाहिलं नाही बघ.”

सुनेच्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. तिने कादंबरी मधेच कुठेतरी उघडली, एक गच्च भरलेलं पान निवडलं आणि ते जसंच्या तसं पांढऱ्या उशीवर छापलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘वाचा आणि झोपा’. लेखकाचं नाव टाकलं नाही. नानांना विचारलंही नाही. कोणी वाचलेलीच नाही, तर ओळखणार कोण, असा तिचा रोखठोक हिशेब.

उशा हातोहात खपल्या. आणि मग वाचनालयाने नानांचा सत्कार केला.

सत्काराला सगळं घर पहिल्या रांगेत बसलं होतं. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ दिला आणि हसत हसत एक भलंमोठं पुडकं पुढे केलं. “आपल्या थोर लेखकांना विश्रांतीसाठी एक गंमत!” पुडक्यातून उशी निघाली. सून खुर्चीत खाली खाली सरकली. अध्यक्षांनी उशी उंच धरून खणखणीत आवाजात चार ओळी वाचल्या. सभागृह खदखदून हसलं. नानाही हसले, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. तिसऱ्या ओळीला त्यांचं हसू थांबलं, चौथीला चेहरा उतरला. त्यांच्यावर प्रबंध लिहिणारे दोन प्राध्यापक शेजारीच डोळे पुसत होते. हसून हसून.

घरी आल्यावर नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझी वाक्यं लोकांच्या लाळेत भिजतायत!”

“निदान कशात तरी भिजतायत,” सासूबाई म्हणाल्या. “कपाटात वाळवी लागत होती.”

“आणि ओळखलं नाही गं कोणी!” नाना मटकन खुर्चीत बसले. “एकानेही नाही.”

सुनेला वाईट वाटलं. माफी मागायला ती पुढे झाली, पण नाना उठून खोलीत गेले आणि तेव्हापासून तिच्याशी बोलेनासे झाले. मीठ हवं असलं तरी बायकोकडे बघून म्हणत, “त्यांना सांग, मीठ.”

हे कमी होतं म्हणून की काय, गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. झालं होतं असं, की कापड संपलं तिथे मजकूरही संपला होता. उशीवरचं शेवटचं वाक्य होतं, ‘थरथरत्या हाताने त्याने तळघराचा अडसर काढला, दार ढकलले, आणि आत पाहतो तर’. पुढे शिवण. लोक झोपण्यासाठी वाचत आणि तिथे पोचले की टक्क जागे होत.

सगळ्यांत कडक फोन आला तो एका निवृत्त न्यायाधीश बाईंचा. “आयुष्यभर निकाल दिले मी, पण असा अर्धवट एकही सोडला नाही. आत काय होतं?”

“बघून सांगते,” सून म्हणाली आणि नवऱ्याकडे गेली. नवरा दातांचा डॉक्टर. तो एकदम कावराबावरा झाला. “मी कुठे वाचलीय? मला वाटलं तू वाचलीस. लग्नाआधी तसं म्हणाली होतीस ना!”

शेवटी तिने धीर करून नानांचं दार वाजवलं. “नाना, तळघरात काय होतं?”

“पुस्तक वाचा म्हणावं,” नाना भिंतीला म्हणाले.

“वाचते. पण बाई आत्ता फोनवर आहेत. झोपल्या नाहीयेत बिचाऱ्या.”

नाना वळले. “कोण झोपलं नाही?”

“तुमच्या वाचक.”

हा शब्द नानांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, “खरं सांगू? मलाही नीटसं आठवत नाही.”

दोघांनी मिळून कादंबरी काढली. ते पान सापडलं. फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून नाना वाचू लागले. “आणि आत पाहतो तर त्याला आठवले ते आजोबांचे बालपण. आजोबा तेव्हा लहान होते...”

“थांबा,” फोनमधून आवाज आला. “दार उघडलंय ना? मग आजोबा कुठून आले?”

“ही कथनाची पद्धत आहे, बाई.”

“न्यायालयाला आजोबांशी कर्तव्य नाही. तळघरात काय आहे?”

नानांनी पान उलटलं, अजून एक उलटलं. आजोबा मोठे झाले, आजारी पडले, बरे झाले. सून खुर्चीच्या टोकाला येऊन बसली होती. “नाना, तो माणूस अजून दारातच उभा आहे हो!”

अखेर सापडलं. नानांनी घसा साफ केला. “आत होते ते केवळ मौन.”

“म्हणजे रिकामं?”

“मौन म्हणजे रिकामं नव्हे. मौन म्हणजे...”

“लेखक महाशय, एका शब्दात उत्तर द्या. तळघर रिकामं होतं की नव्हतं?”

नानांनी पुस्तक मिटलं. “होतं.”

“हात्तिच्या! मला वाटलं प्रेत असेल.” बाईंनी फोन ठेवला.

सुनेला वाटलं, आता ते पुस्तक फेकून मारणार. पण नाना दाराकडे बघत बसले होते. मग स्वतःशीच पुटपुटले, “प्रेतच हवं होतं. कसं सुचलं नाही मला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या खोलीत हजर झाले. आधी छपाईतली चूक दाखवून तिला झापलं. माणसांना झोपवायचं तर निदान शुद्ध लिहून झोपवा, म्हणाले. मग फोमच्या ढिगावर बैठक मारून तळघरात प्रेत आणायला बसले. दुसरी उशी निघाली. पहिला फोन न्यायाधीश बाईंचाच आला. त्यांचा एका माणसावर संशय होता, आणि नानांनी तो अर्धा तास मन लावून ऐकून घेतला.

पुढे नाना शिवणकामाच्या खोलीतून हलेनात. एक प्राध्यापक भेटायला आले आणि साहित्याच्या अधोगतीबद्दल बोलू लागले, तर नानांनी त्यांच्या हातात कात्री देऊन दोरे कापायला बसवलं. सून मात्र पार वैतागली. तिसऱ्या उशीच्या वेळी तर कडाक्याचं वाजलं.

“नाना, मावत नाहीये. थोडं कमी करा.”

“कापड वाढव.”

“उशी आहे, गादी नाही! ‘गूढ, गहन, गंभीर अंधार’ कशाला? नुसता अंधार पुरे.”

“गूढ गेला तर उरलं काय?”

“प्रेत उरलं ना!”

नानांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग डोळे घट्ट मिटून त्यांनी ‘गहन’वर आणि ‘गंभीर’वर काट मारली.

“गूढ राहू दे गं,” ते अजिजीने म्हणाले.

सुनेने कापड मोजून पाहिलं. “बरं, गूढ राहू दे,” म्हणाली आणि मशीन तापायला लावली.