राखाडी पडद्यामागची आजी

ओसाकाच्या घाऊक खेळणी बाजारात माझं दुकान आहे. रबरी पाली, बसलं की भलताच आवाज करणाऱ्या उशा, उघडलं की तोंडावर झेपावणारे डबे. कुठलाही माल आधी स्वतः वापरून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नाही. आणि वापरून बघायचा तर घरच्यांवरच बघणार ना, रस्त्यावरच्या माणसाला कशाला त्रास?

तर तीन वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या सकाळी, क्योतोत, सासरेबुवांच्या सुपाच्या वाटीत पाल निघाली. माल एक नंबर होता, गरम पाण्यात शेपटी हलायची. सासरेबुवा बसल्या जागेवरून मागे कोलमडले, पाठ धरली, आणि सणाचे सगळे दिवस आडवे पडून काढले. तेव्हापासून त्या घराचं दार मला बंद. बायको पोरींना घेऊन माहेरी जायची, मी स्टेशनात नूडल्स ओरपत बसायचो.

सासरेबुवा म्हणजे ओकुनो सर. मुलींच्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापक. सासूबाई गेल्यावरही रोज सकाळी टाय बांधून चहा पिणारा माणूस. आवाज चढवणार नाहीत कधी. "जावईबापू, तुमचा आवाज किती खणखणीत आहे हो," असं गोड हसून म्हणाले, की आपण समजायचं, गप्प बस मेल्या.

ह्या वर्षी त्यांना सत्याहत्तर लागलं. आमच्याकडे हा मोठा वाढदिवस. त्यांनी फोन करून चिसातोला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर एका बड्या हॉटेलात दोन दिवस राहू. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "जावईबापूंनाही आणा."

चिसातो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. मग निघताना, गाडीत बसण्याआधी, तिने माझे खिसे उलटे केले. एक उशी आणि एक कोळी निघाला. दोन्ही स्टेशनच्या कचऱ्यात.

"तात्सुओ, नीट ऐक. ह्या वेळी काही केलंस ना, तर मी पुन्हा बाबांपुढे तुझ्यासाठी तोंड उघडणार नाही. संपलं."

"शप्पथ नाही करणार."

"कुणाची?"

"आपल्या बेसबॉल टीमची."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ओसाकाचा माणूस आईची शपथ खोटी खाईल, टीमची नाही.

हॉटेल काय सांगू! दारातच बूट काढून घेतात, पुढे सगळीकडे तातामी, गवताच्या जाड चटया. लिफ्टमध्येसुद्धा तातामी! आमची धाकटी माओ, चार वर्षांची, लिफ्टमध्येच लोळली आणि वर-खाली दोन फेऱ्या मारून आली. आणि जितकं महाग तितकं सगळं राखाडी. भिंती राखाडी, उशा राखाडी, चहाचे पेले राखाडी. न्हाणीघरांच्या दारावरचे पडदेसुद्धा. साध्या हॉटेलात बायकांचा लाल, पुरुषांचा निळा, आंधळ्यालाही कळेल. इथे दोन्ही राखाडी, आणि कोपऱ्यात नखाएवढं एक अक्षर. श्रीमंतांची नजर चांगली असते बहुतेक.

संध्याकाळी मी आणि सासरेबुवा उजवीकडच्या न्हाणीघरात गेलो. शेजारी शेजारी बुटक्या स्टुलांवर बसलो.  मग ते समोर बघतच म्हणाले, "पाठीला हात पोचत नाही आता."

मी पाठ चोळून दिली. तीच पाठ. माझ्या शेजारी थंड पाण्याचं घंगाळ भरलेलं होतं, हातभर अंतरावर. मी हात लावला नाही. देव बघत होता.

रात्रीच्या जेवणात एका पानावर एक शेंग आली, मग एका दगडावर एक कोळंबी. नऊ वर्षांची इचिका कुजबुजली, "पप्पा, जेवण कधी येणार?" सासरेबुवांच्या ओठाचा कोपरा हलला. आणि मग खेकडा आला. आता खेकडा आला की आमच्या देशात बोलणं बंद होतं. पाय मोडायचे, काडीने गर काढायचा, चोखायचं. समोर भूकंप झाला तरी कळत नाही. वाढणाऱ्या बाई गुडघ्यावर बसून न्हाणीबद्दल काहीतरी सांगत होत्या. आम्ही सगळ्यांनी खेकड्याकडे बघत माना हलवल्या. सासरेबुवा तर "हो हो, उत्तम," असंही म्हणाले. माओ खेकडा खात नाही. ती भात चिवडत बसली होती.

सकाळी उजाडता उजाडता जाग आली तर सासरेबुवांची गादी रिकामी. चष्मा उशाशी. वाफेने धुरकटतो म्हणून ते तो खोलीतच ठेवतात. म्हटलं, चला, आज पण पाठ चोळू. मी खाली गेलो आणि सवयीने उजवीकडच्या पडद्याला हात घातला, तेवढ्यात कोपऱ्यातलं अक्षर दिसलं.

बायका.

आता हे काही नवीन नाही. दोन्हीकडची मजा सगळ्यांना मिळावी म्हणून सकाळी न्हाणीघरं अदलाबदल करतात. बाई रात्री बहुतेक तेच सांगत असणार, पण खेकड्यापुढे ऐकलं कुणी? मी डावीकडे गेलो. आत कुणी नाही, कपड्यांची एकही टोपली भरलेली नाही. परत बाहेर आलो, आणि उजवीकडच्या पडद्याशेजारी भिंतीला टेकवलेली सासरेबुवांची चांदीच्या मुठीची काठी दिसली.

 मुलींच्या शाळेचे तीस वर्षांचे मुख्याध्यापक, बायकांच्या न्हाणीघरात! आणि मला जास्त घाम फुटला तो पुढच्या विचाराने. ह्या खानदानात पडद्यांची अदलाबदल करेल असा माणूस किती? एक. मी.

पळत खोलीत आलो. "चिसातो, ऊठ! बाबा बायकांच्या न्हाणीत आहेत!"

तिने एक डोळा उघडला. "तात्सुओ. शपथ काय घेतली होतीस?"

"अगं, खरंच आहेत!"

"झोपू दे." आणि पांघरूण डोक्यावर.

बघा. आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा बाईने एकेक थाप खरी मानली, आणि आज खरं बोललो तर कूस बदलली. इचिका मात्र टुणकन उठली. तिला खाली घेऊन आलो आणि पडद्यापाशी उभं केलं. "आत जा, आजोबांना सांग, ही बाजू आता बायकांची आहे, लगेच बाहेर या. हा मोठा टॉवेल घे. आणि तोंड भिंतीकडे ठेव."

ती गेली आणि फुरंगटून परत आली. "आजोबा बाहेरच्या खडकांच्या हौदात बसलेत. मलाच ओरडले! म्हणाले, नऊ वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या बाजूला यायचं नसतं, आणि तुझ्या वडिलांना सांग, ओसाकाचे विनोद मला सकाळी पचत नाहीत. आणि तू गेल्याशिवाय मी पाण्यातून हलणार नाही, असंही म्हणाले."

म्हणजे तिथेही माझीच थाप!

तेवढ्यात जिन्यावरून हास्याचा गडगडाट आला. ओसाकाच्या कुठल्याशा बाजारपेठेचं महिला मंडळ, सगळ्यांच्या अंगावर हॉटेलचे झगे, काखेत टॉवेल, आणि पुढे जांभळ्या केसांच्या मोरिकावा काकू, नाव मला नंतर कळलं. मी हात पसरून पडद्यासमोर उभा राहिलो.

"काकू, थांबा! आत माकड शिरलंय!"

"माकड?" काकूंचे डोळे चमकले. "अगं बायांनो, माकड! फोन काढा!"

"चावतं ते!"

"माझा नवरा चावत होता चाळीस वर्षं. सरक बाजूला."

हे माझंच चुकलं. ओसाकाच्या बाईला भीती दाखवून काही उपयोग नसतो. तिला थांबवायची एकच गोष्ट आहे. मी आवाज खाली आणला. "बरं, जा. माझं काय. पण वर दारापाशी फुकट मांजू वाटतायत, गोड सारणाचे, गरमागरम. पहिल्या पंधरा जणांनाच."

काकूंचा पाय हवेतच थांबला.

"फुकट?"

"फक्त आजच. बाहेर विकत मिळत नाहीत म्हणे."

जिना असा दणाणला की वर कुणाला वाटलं असेल, झरा फुटला. मी भिंतीला टेकलो, श्वास घेतला. आणि आतून गाणं ऐकू आलं. बाईचं. म्हातारं, बेसूर, मजेत चाललेलं.

"पप्पा," इचिका म्हणाली, "एक आजी तुमच्या हाताखालून गेली. तुम्ही माकडाचं सांगत होतात तेव्हा."

मी तिच्या हातात टॉवेल कोंबला. "पळ! काहीही कर!"

पुढचं मी पडद्याबाहेर डोळे मिटून नुसतं ऐकलं. गाणं थांबलं. पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज. म्हातारी म्हणाली, "अगबाई, कुणी आहे का? वाफेत काही दिसत नाही मेलं."

इचिका खणखणीत म्हणाली, "माझी आजी आहे!"

"हो का? नमस्कार हो. पाणी काय छान आहे नाही?"

 मला फक्त पाण्याचे बुडबुडे ऐकू आले. आणि मग एक बारीक, चिरका, अतिशय सुसंस्कृत क्योतोचा आवाज:

"होय ना! त्वचेला फार मऊ वाटतं."

मी पडदा तोंडात कोंबला.

"गुडघ्याला बरं का हो हे?"

"कंबरेलाही."

"आमच्या ह्यांची कंबर तर..."

"आजी, चला, तुम्हाला चक्कर येईल!" इचिका म्हणाली. आणि थोड्या वेळाने पडद्यातून डोक्यापासून पोटरीपर्यंत टॉवेलात गुंडाळलेली, उकडलेल्या ऑक्टोपससारखी लाल अशी आमची आजी बाहेर आली. मागे कपड्यांची टोपली घेऊन इचिका. सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काठी घेतली आणि चालायला लागले.

खोलीत चिसातो आता टक्क जागी होती. वडिलांकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पडदे बदललेस तू."

"नाही गं! टीमची शप्पथ!"

"तीन वर्षं मी बाबांच्या विनवण्या केल्या, आणि तू पडदे बदललेस!"

सासरेबुवा पाठ करून खिडकीशी बसले होते.  मला वाटलं, झालं, आता आयुष्यभर स्टेशनात नूडल्स. खरं सांगतो, पहिल्यांदाच मला काही विनोद सुचेना.

माओ गादीवर लोळत आमच्या दोघांकडे बघत होती. ती म्हणाली, "पण त्या मावशींनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं, राणी?"

माओ उठून गुडघ्यांवर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि थेट त्या बाईंच्या नाजूक आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी आजोबांची न्हाणी बायकांची होईल बरं का, आणि बायकांची आजोबांची. आणि आजोबा म्हणाले, हो हो, उत्तम." मग तिने खेकड्याचा पाय चोखल्याचा आवाज काढला. हुबेहूब.

चिसातो खाली बसली. "मीपण मान हलवली होती," ती हळूच म्हणाली.

खिडकीशी सासरेबुवांचे खांदे हलायला लागले. चिसातो धावली. "बाबा, रडू नका ना."

ते रडत नव्हते. इतके हसत होते की आवाजच फुटत नव्हता. शेवटी श्वास सापडला तेव्हा त्यांनी टॉवेलाने डोळे पुसले आणि म्हणाले, "त्वचेला मऊ वाटतं!" आणि पुन्हा सुरू. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि इतक्या झटक्यात उतरला की मीच तातामीवर फतकल मारून बसलो.

तेवढ्यात खालून कल्ला ऐकू आला. मी विसरलोच होतो. मांजू!

सासरेबुवांनी कान दिला. "हे काय?"

मी सांगितलं. पहिल्या पंधरा जणांना वगैरे. त्यांनी डोळे मिटले. मग उठले, चष्मा घातला, केस विंचरले, ठेवणीतला किमोनो चढवला. "चला, जावईबापू."

खाली दारापाशी काउंटरवरची बिचारी मुलगी वाकवाकून माफी मागत होती आणि मोरिकावा काकू टेबल बडवत होत्या. सासरेबुवा शेजारच्या दुकानात गेले, मांजूचे डबे विकत घेतले, ते घेऊन बायकांसमोर उभे राहिले आणि शाळेच्या वार्षिक समारंभात बक्षीस देतात तसा एकेकीला एकेक डबा वाकून दिला. "उशिराबद्दल क्षमस्व. फक्त आजच." चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. माझ्या धंद्यात तीस वर्षं घासून मला असा चेहरा जमलेला नाही.

शेवटी ओल्या केसांची ती गाणारी म्हातारी आली. डबा घेतला आणि सासरेबुवांकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"का हो, तुमची बहीण आलीय का इथे? चेहरा फार ओळखीचा वाटतो."

"आहे," सासरेबुवा म्हणाले. "जरा लाजाळू आहे."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. ते दाराकडे बघत होते.

"तात्सुओ," ते म्हणाले. पंधरा वर्षांच्या नात्यात पहिल्यांदा नुसतं तात्सुओ. "नव्या वर्षाला घरी या सगळे."

"येतो, बाबा. आणि पाल नाही आणणार, खरंच."

लिफ्ट वर चढत राहिली. त्यांनी किमोनोची कॉलर सारखी केली.

"शेपटी हलायची ना तिची," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ येतोय या वेळी. फार गर्विष्ठ आहे. आणाच एक."