शेठ बाळंत झाला

हुडकेश्वरच्या मंगल कार्यालयात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत टकलांचा भरणा मोठा होता. कोणी टोपी काढून हातात धरलेली, कोणी विग पिशवीत घालून आणलेला. स्टेजवर केशानंद महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे लाल कापडाने झाकलेला पिंजरा.

"आठ दिवसांआधी या मुक्या जिवाच्या पाठीवर एक केस नव्हता," महाराज गरजले. "चिकना! आता पाहा केशभस्माचा प्रताप!"

कापड उडालं. आत उंदराएवढा एक हॅमस्टर गाल फुगवून दाणे चावत होता. अंगभर सोनेरी, दाट केस. टाळ्यांनी छत हाललं.

पहिल्या रांगेतल्या भावनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. हा हॅमस्टर, म्हणजे शेठ, तिच्या लेकीचा, उन्नतीचा. त्याचे केस गळायला लागले त्याच सुमारास भावनाच्या डोक्यात चाई पडली होती. केसांचे गोल चट्टेच्या चट्टे गेले होते. लग्नकार्याला जाणं बंद, आरशाकडे पाठ. भस्माचा गुण आधी पाहता यावा म्हणून तर तिने शेठला आठ दिवस महाराजांच्या हवाली केलं होतं.

"आई," उन्नती कुजबुजली, "शेठच्या कानाले चीर होती. याचा कान पुरा आहे."

महाराजांचे कान तिखट. "कानही भरून दिला, बेटा! बोनस!"

पुन्हा टाळ्या.

भावनाने पिंजरा घेऊन घरी येताच डॉक्टरांचं मलम कपाटात टाकलं आणि डोक्याला भस्म चोळायला सुरुवात केली. डोकं चरचरायचं. पुढे लाल पुटकुळ्या आल्या, त्यातून पाणी येऊ लागलं. "आतला विकार बाहेर पडून राहिला," महाराजांनी फोनवर सांगितलं. तिने आणखी चोळलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी उन्नतीची किंकाळी ऐकू आली.

"आई वं! शेठले पिल्लं झाली!"

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात शेंगदाण्याएवढी गुलाबी पिल्लं वळवळत होती. भावनाने लगेच गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टर मिनलताईंना बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "शेठ नर होता, मीच तपासला होता. भस्मानं केस येतीलही एक वेळ, पण नर बाळंत होत नाही. हे जनावर दुसरं आहे. हिला आता हात लावू नका, घाबरली तर पिल्लं खाऊन टाकंल."

"मंग आपला शेठ कुठं आहे?" उन्नतीने विचारलं.

भावनाने दोघींना सोबत यायला सांगितलं. तिने चपला घातल्या.

कार्यालयात महाराजांचा सत्संग रंगला होता. भावना सरळ स्टेजपुढे गेली. "महाराज, शेठ बाळंत झाला."

क्षणभर महाराजांची जीभ अडखळली, पण क्षणभरच. "भक्तहो! आतापर्यंत केशप्राप्ती, आता संतानप्राप्ती! ज्यांना मूल नाही, त्यांनी डाव्या बाजूला यावं!"

आणि खरंच, पाचसहा जोडपी उठून डावीकडे निघाली.

ते पाहून भावनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्टेजवर चढली, सेवेकऱ्याला बाजूला सारलं आणि मागचा पडदा ओढला. तिथे भस्माच्या पोत्यांजवळ बिस्किटांचं खोकं होतं. खोक्यात ओल्या भुशावर एक उघडाबोडका जीव अंग खाजवत बसला होता. कानाला चीर.

"शेठ!" उन्नती रडायलाच लागली.

सभागृहात कुजबूज उठली. भावनाने माईक घेतला आणि डोक्यावरची ओढणी काढली. चट्टे, पुटकुळ्या, सगळं लोकांसमोर.

"पाहून घ्या. हे भस्मानं झालं. यानं केस नाही उगवले, महाराजानं दुकानातून दुसरा उंदीर आणला. मी फसले. तुम्ही काहून फसता?"

मागून एक टकला ओरडला, "पण याचे केस गेले कायनं?"

मिनलताई पुढे आल्या. "बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. बुरशी असते. भुसा ओला राहतो, नाहीतर त्याची अॅलर्जी. कोणी पिंजऱ्याच्या गजाला अंग घासतो, कोणाले खायला बरोबर मिळत नाही, कोणी म्हातारा होतो, कोणाच्या ग्रंथी बिघडतात. कारण तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

"आणि माह्या डोक्याचं?" भावनाने विचारलं.

"ताई, मी जनावरांची डॉक्टर. तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे जा, आजच!"

सभागृह खो-खो हसलं, भावनाही हसली. तेवढ्यात महाराज मागच्या दाराने सटकत होते, पण संतानप्राप्तीसाठी उठलेल्या जोडप्यांनीच त्यांना धरून ठेवलं, पोलीस येईपर्यंत.

शेठच्या कातडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा किडेच निघाले. औषध मिळालं, भुसा बदलला, आणि हळूहळू त्याच्या पाठीवर लव दिसू लागली. भावनाच्या पुटकुळ्या बऱ्या झाल्या. चाईचे काही चट्टे भरले, काही नाही. डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं, की याची खात्री देता येत नाही. असं सरळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा. जो पहिल्याच भेटीत हमी देतो, त्याला आधी सांगावं, पडद्यामागे काय आहे ते दाखव. आणि त्याने दाखवलं नाही, तर स्वतः जाऊन पडदा ओढावा.