एटेल्काच्या तळहातातला मुका तंतू

मित्रांनो, मला पाहिलेला माणूस तुम्हाला सहसा भेटणार नाही, कारण मी कातडीखाली राहतो. मी एक जुना मज्जातंतू आहे. तिसा नदीकाठच्या एका गावातील एटेल्का नावाच्या बाईच्या उजव्या तळहातात माझी टोके पसरलेली आहेत.

माझी कामे दोन. तळहाताला चटका बसला की ती वार्ता मी वर मेंदूकडे पोहोचवतो. हे काम सर्वांना माहीत असते. दुसरे सहसा कुणाला ठाऊक नसते. वार्ता वर जात असतानाच माझ्या टोकांतून काही द्रव्ये भोवतालच्या कातडीत उतरतात. त्यांच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती पाझरू लागतात, आणि जागा लाल होऊन सुजते. सगळी सूज माझीच असते असे नाही. भाजलेली कातडी स्वतःही ती आणते. पण माझा वाटा लहान नसतो. सूज बेताची असेल तर दुरुस्तीला मदत होते, अति झाली तर तीच रक्ताची वाट अडवते. त्यामुळे मला निखळ चांगला असे कुणी म्हटलेले नाही.

एटेल्का लग्न होऊन आली त्याच शरदात मिरच्या चिरायला बसली. मिरचीची गोड, म्हणजे तिखट नसलेली, पूड हवी तर वाळलेल्या मिरचीतील तिखट शिरा काढाव्या लागतात, आणि ते काम उघड्या हातांनीच होई. मिरचीचा तिखटपणा मला चटक्यासारखाच भासतो. मी आठवडाभर ओरडत राहिलो. हात सुजला, अंगठी बोटात रुतली.

"रडू नकोस गं," शेजारची पिरोश्का म्हणाली. "तीन आठवड्यांत हात मरतो. मग सुटलीस."

तसेच झाले. रोजच्या माऱ्याने माझी द्रव्ये संपली आणि टोके मिटली. दर हिवाळ्यात ती थोडी उमलत, दर शरदात पुन्हा मिटत. एटेल्का गावात सर्वांत भरभर चिरू लागली. चुलीवरचे झाकण ती फडक्याविना उचले आणि बाया कौतुक करत. त्या कौतुकाच्या काळात मी निकामी होतो.

बाविसाव्या हंगामाच्या अखेरच्या दुपारी अंगणात माशांच्या रश्शाची कढई जाळावर साखळीला टांगलेली होती.

"आई, फडकं घे," टपाल कचेरीत काम करणारी तिची लेक ओर्शी म्हणाली.

"तुझ्यासारखे कागदाचे हात नाहीत माझे," म्हणत एटेल्काने तापलेली कडी मुठीत धरली आणि कढई आकड्यावरून काढून फळीवर नेऊन ठेवली. खरे तर पहिल्याच क्षणी हात मागे यायला हवा होता. पण मी काहीच कळवले नाही. ठेवताना कढई हिंदकळली आणि रस्सा ओर्शीच्या मनगटावर सांडला.

ओर्शीचे मनगट बघता बघता लाल झाले, सुजले. सगळ्या बाया तिच्याकडे धावल्या.

"हंसाची चरबी लावा," पिरोश्का म्हणाली. "आणि एटेल्का, तुझं काय?"

"मला कुठे काय? हे बघ, ना लाल, ना सूज."

निरोप मिळताच सायकलवरून गावच्या नर्सबाई आल्या. त्यांनी चरबी बाजूला सारली, ओर्शीचे कांकण उतरवले आणि पाणी मागितले. एटेल्काने डाव्या हाताने तांब्या पुढे केला.

"उजवा हात दाखवा."

"अहो, पोरीकडे बघा आधी."

तळहात पांढराफटक होता, चामड्यासारखा. नर्सबाईंनी टाचणी काढली.

"कळतंय?"

"टोचा तरी."

"टोचलीये मी."

पिरोश्का हातातल्या चरबीच्या वाटीकडे पाहत राहिली.

"लेकीचं दहा दिवसांत बरं होईल," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता शहरात चला. ही मूठ पुन्हा मिटेल का, ते मला सांगता येत नाही."

ज्या हाताने ती सुरी धरी, तोच हात. शहरातील दवाखान्यात मांडीची कातडी तळहातावर बसवण्यात आली. सहा आठवड्यांनी ती घरी आली तेव्हा दोन बोटे वाकत नव्हती. खोलवर उरलेल्या माझ्या खोडाला नवे अंकुर फुटले. त्यांची वाढ फार सावकाश होते. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर.

वसंतात ओर्शीने तिच्या उजव्या हाती उकळत्या चहाचा पेला दिला. एटेल्काने तो चटकन खाली ठेवला.

"काय झालं?"

"भाजलं गं," ती म्हणाली. थोडे थांबून तिने एक बोट पुन्हा पेल्याला लावले आणि लगेच काढून घेतले. "हो. भाजतंय."

पुढच्या शरदात ती हातमोजे घालून बसली. आता दिवसाला मिरच्या पूर्वीच्या निम्म्याच चिरून होत.

"लग्नाला निघालीस काय?" पिरोश्काने टोमणा मारला.

"तुझ्यासाठीही एक जोड आणलाय. घाल मुकाट्याने."

पिरोश्काने कुरकुरत ते घातले.

मित्रांनो, भाजल्यावर आधी अंगठी-बांगडी उतरवा आणि बराच वेळ गार पाणी वाहू द्या. जो हात ठणकतो, सुजतो, त्याची काळजी तुम्ही घ्यालच. जो भाजूनही गप्प आहे, तो मात्र वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवा. तेथे बहुधा माझ्यासारखा कुणीतरी मुका झालेला असतो.