सासूबाई गोड बोलू लागल्या

माझं लग्न झाल्यापासून सासूबाईंनी मला नावं ठेवली नाहीत असा दिवस उजाडला नव्हता. चहा पाणचट, केर अर्धवट, आणि माझी घडी म्हणजे घडी नव्हेच, बोळा. त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी गेली होती. चादरीचं टोक टोकाला मिळालं नाही की त्यांच्या पोटात दुखायचं. त्यांच्या माघारी आम्ही सगळे त्यांना फौजदार म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

मी वीज कार्यालयात तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि घरी आल्यावर फौजदारांचं. पण खरं सांगते, भांडणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. जो ओरडतो तो उद्याही येणार, पुन्हा ओरडणार, म्हणजे तो धडधाकट आहे. वरच्या साहेबांकडून काम काढून घ्यायचं असलं की आमच्याकडे सगळे एकच म्हण वापरतात, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मीही वापरायचे. आता वापरवत नाही.

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यांना उठवायला-बसवायला दोन माणसं लागायची, आणि दिवसा आमच्या घरात कुलपाशिवाय कोणी नसतं. हाड जुळेपर्यंत त्यांना वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं. नवऱ्याने आणि नणंदेने चार ठिकाणं पालथी घालून सगळ्यांत नावाजलेलं निवडलं. दर्शनी भिंतीवर मागच्या सरकारी तपासणीचं पाच ताऱ्यांचं प्रमाणपत्र, फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. दारातच खुर्चीवर एक सडपातळ आजोबा बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "इथे फार छान आहे हो. सगळे देवासारखे आहेत."

नवरा तिथेच विरघळला. "राहणारा माणूसच सांगतोय. आता आणखी काय हवं?"

आजोबांनी हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता. म्हातारी माणसं धरतात, म्हणून मी हळूच सोडवून घेतला.

सुरुवातीला सगळं रीतसर होतं, म्हणजे सासूबाई संतापलेल्या होत्या. "ही उशी आहे की वीट? आणि ती मावशी घंटीची दोरी खिळ्याला टांगून जाते. मी काय माकड आहे उडी मारायला? आणि तू हे असं चुरगळलेलं घालून रस्त्याने आलीस? लोक म्हणतील, सासूला टाकली आणि इस्त्रीही विकली." मावशी म्हणजे तिथली मदतनीस, दणकट बांध्याची बाई, दारातच उभी होती. सासूबाईंनी तिलाही सोडलं नाही. मी निर्धास्त होऊन घरी आले.

पुढच्या भेटीत त्या झोपलेल्या होत्या. भर दुपारी, तोंड उघडं, उशीवर लाळेचा ओघळ. हाका मारल्या तेव्हा पापण्या जेमतेम हलल्या. इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांचा आवाज इतका मऊ की आपण कान पुढे न्यावा. "आजी फार आरडाओरडा करत होत्या हो. बाकीच्यांना त्रास होतो. थोडं शांत राहण्याचं औषध दिलंय, सवय होईपर्यंत." मी मान डोलावली. फौजदार आरडाओरडा करत होत्या, यात खोटं काय होतं?

आणि त्यानंतरच्या भेटीत ते झालं.

"ये गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "दमलीस का? बैस."

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागून दुसरं कोणी आलंय. दारात फक्त मावशी होती, हातात टॉवेल घेऊन.

"माझी काळजी करू नकोस. इथे फार छान आहे. सगळे देवासारखे आहेत." सासूबाई हसल्या. त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे निळसर डाग होते. चष्म्याचे असतील, असं म्हणून मी तो विषय मनातल्या मनात मिटवला. माझं सगळं लक्ष त्या हसण्याकडे होतं. ते ओठांवर होतं आणि डोळ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, आई माझ्याशी गोड बोलल्या."

तो पोट धरधरून हसला. "म्हणजे सासू भांडते ही तक्रार, आणि भांडत नाही हीसुद्धा तक्रार?"

नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "वहिनी, रेकॉर्ड करायचं ना! आमच्या पुढच्या पिढ्यांना ऐकवलं असतं." मीही हसले. मग फोन ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मग यांचा पीळ गेला कुठे? आणि एवढ्या थोड्या दिवसांत तो उलगडायला कोणी काय केलं असेल?

पुढच्या वेळी मी मुद्दाम परीक्षा घ्यायला गेले. घरून त्यांची शाल नेली, त्यांच्यासमोर उघडली आणि अशी काही घडी घातली की लाँड्रीतल्या माणसाला झीट यावी. एक टोक आत, एक बाहेर, मधे फुगा. मग ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वाट बघत बसले.

त्यांचा हात शालीवर गेला. बोटं टोकाशी पोचली, थबकली. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. मावशी होतीच.

"किती छान घडी केलीस," सासूबाई म्हणाल्या. "माझी सून गुणाची आहे."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. घंटीची दोरी अजून खिळ्यालाच होती. मी उठून ती काढली आणि त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी विस्तव हातात घ्यावा तशी ती झटकली. "नको, नको. उगाच त्यांना त्रास. होती तिथे ठेव." त्यांचा हात गार पडला होता. ज्या बाईने दारावर आलेल्या पोलिसाला बूट काढायला लावले होते, ती बाई एका दोरीला भीत होती.

मग बोलले का नाही, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर मी त्या खोलीतच दिलं होतं, स्वतःला. मी तोंड सोडणार, मन मोकळं करणार आणि बस पकडून घरी जाणार. सासूबाई मात्र तिथेच राहणार, स्वतःहून कूसही न बदलता येणाऱ्या, त्या मावशीच्या हाती. माझ्या प्रत्येक शब्दाची भरपाई कोण करणार होतं? आणि नवरा तर मी काही म्हटलं की म्हणायचा, "पुरावा काय? आई खूश आहे, हा?" त्याने घरी न्यायला नकार दिला नाही, पण डॉक्टरांच्या सहीशिवाय सोडत नाहीत, हाड कच्चं आहे, असं काहीबाही सांगत राहिला. माझी झोप उडाली. सासूबाई गोड बोलतात, एवढीच माझी तक्रार, आणि ती घेऊन जायला जगात खिडकी नव्हती.

तेवढ्यात वार्षिक तपासणी आली. नातेवाइकांनाही बोलावलं होतं. आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि नणंद. सगळ्या म्हाताऱ्यांचे केस विंचरलेले, चादरी ताठ. तपासणीच्या मॅडम चष्मा कपाळावर चढवून भराभर फिरत होत्या. त्यांनी न्हाणीघरातले धरायचे दांडे हलवून पाहिले, स्वयंपाकघरात जेवण चाखलं, आग विझवायचे लाल सिलिंडर पाहिले. प्रत्येकाच्या टाचा आणि पाठ पाहिली, पडून पडून जखमा झाल्यात का म्हणून. कुठे ओरखडासुद्धा नाही. प्रत्येकाला विचारलं, काही तक्रार? प्रत्येकाने सांगितलं, फार छान आहे. इन्चार्ज सिस्टर शेजारी उभ्या होत्या, मऊ हसत. मॅडमचं काम संपत आलं होतं. त्या गेल्या की वर्षभर कोणी येणार नव्हतं.

त्या सासूबाईंच्या पलंगाजवळून पुढे निघाल्या आणि मी म्हणाले, "मॅडम, माझी सासू माझ्याशी भांडत नाही."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "बाई, ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतेय." नवऱ्याने माझ्या कोपराला धरलं. मॅडम वाकून म्हणाल्या, "काय आजी? सून काय म्हणते? छळते की काय तुम्हाला?"

सासूबाईंनी इन्चार्ज सिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी रोखून, पापणी न लववता. "माझी सून लाखात एक आहे," त्या म्हणाल्या. "पोटच्या लेकीपेक्षा काकणभर सरस."

हसणं थांबलं. म्हणजे, एकीचंच थांबलं. नणंद माझ्या शेजारी उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. आईची ती लाडकी. आईने तिच्यापेक्षा कधी वरचढ होऊ दिलं नव्हतं कोणाला, मला तर नाहीच नाही.

"मॅडम," नणंद म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "माझी आई मेली तरी असं बोलणार नाही. हिला काहीतरी केलंय यांनी."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "सगळे बाहेर जा."

"आजींना एकटं ठेवता येत नाही," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "पडतील."

"मी आहे ना. तुम्हीही बाहेर."

दार आतून लागलं. आम्ही बोळात उभे राहिलो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्या मनात आलं, त्या मॅडमशीही गोडच बोलल्या तर? तर आता दार उघडेल, मॅडम सही करतील, आणि आम्ही मात्र बोलून बसलोय. मावशी भिंतीला टेकून नखं बघत होती. इन्चार्ज सिस्टर माझ्या अगदी कानाशी आल्या आणि त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही आता घरी जाल. आजी इथेच राहणार आहेत. एवढं लक्षात असू द्या."

नवऱ्याने ते ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला नाही. माझा हात त्याने घट्ट धरला.

आणि मग आतून आवाज आला. आधी पुटपुटल्यासारखा, मग चढत चढत, जिन्यापर्यंत घुमणारा. "आधी त्या माझ्या सुनेला आत बोलवा! त्या मठ्ठ बाईला बोलवा आधी!"

मी धावले. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. तोंड लाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "कितीदा! कितीदा तुझं कौतुक केलं मी! माझी जीभ झडायची बाकी होती. आणखी काय करायला हवं होतं, दवंडी पिटायला हवी होती? ती भवानी दारात उभी, मी बोलणार कशी? म्हटलं, फौजदार म्हणतात ना मला, मग मी गोड बोलले की हिला कळेल. दिवसभर खिडकीत बसून जगाच्या तक्रारी ऐकतेस, आणि सासूची एक ऐकू आली नाही तुला?"

"आई, मला वाटलं..."

"तुला काय वाटतं ते राहू दे. हे बघ." त्यांनी नाकाकडे बोट नेलं. "कोणी घंटी वाजवली, कोणी आवाज चढवला, की दोघी येतात. एक हात धरते, एक नाक दाबते. नाक दाबलं की तोंड उघडतं, मग ओततात ते औषध. श्वास कोंडतो गं. वाटतं, आता गेले. दोनदा झालं माझं. मग मी छान छान म्हणायला शिकले."

त्यांचा चष्मा घरी होता, शिवणाच्या डब्यात. हे मला आत्ता आठवलं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि लगेच म्हणाल्या, "पुरे. आणि ती शाल दे इकडे. ती घडी मी रोज बघत होते. त्या औषधापेक्षा तिचा त्रास जास्त झाला."

त्याच दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं. मॅडमनी स्वतः रुग्णवाहिका बोलावली, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि इन्चार्ज सिस्टरना खुर्चीवर बसवून ठेवलं. नवरा आणि नणंद स्ट्रेचरबरोबर पुढे गेले. मी पिशवी घेऊन मागून निघाले, मोठ्या खोलीतून. दोन्ही बाजूंना पलंग. ताठ चादरी, विंचरलेले केस. मी जाताना सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

दारात आजोबा बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"इथे फार छान आहे हो," ते म्हणाले. "सगळे देवासारखे आहेत."

मी खाली वाकून पाहिलं. आजोबा चष्मा लावत नव्हते. नाकाच्या दोन्ही बाजूंना तेच डाग होते, काही निळे, काही पिवळे पडत चाललेले. पहिल्या दिवशीही असतील. त्यांची पकड घट्ट होत गेली.

या वेळी मी हात सोडवला नाही. तसाच धरून मी आत ओरडले, "मॅडम, इकडे या! हे आजोबा म्हणतात, इथे फार छान आहे!"